मयताला पुढची तारीख

जमिनीखाली काही सापडलं की आपल्याकडे भारतीय निखात निधी अधिनियम, 1878 लागू होतो. राणी गेली, इंग्रज गेले, कायद्यातली दहा रुपयांची अट मात्र जागची हलली नाही. माल त्याहून जास्त किमतीचा असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं.

आता समजा, बुलढाणा जिल्ह्यात पायाच्या खड्ड्यातून तीन हजार वर्षांपूर्वीचा माणूस निघाला. विदर्भात हे काही अशक्य नाही. नागपूरजवळ जुनापाणीला लोहयुगातल्या लोकांनी आपल्या मयतांभोवती दगडांची वर्तुळंच मांडून ठेवली आहेत. तर प्रश्न असा, की हा गडी दहा रुपयांचा भरतो का? सोन्याचा मणी असेल तर भरेल. नुसती कवटी नि दोन फुटकी मडकी असली, तर मुकादम खड्ड्यातून ओरडणार, ‘‘सायेब, हाडं निंगाले, बुजू का?’’ वर जेसीबीचं भाडं तासावर चालू.

बरं, कळवलंच. मग कायद्याप्रमाणे जाहीर नोटीस निघणार आणि दावेदारांना हजर राहायला चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख पडणार. मयत येणार नाही, त्याच्याकडे सातबारा नाही. पण दोन समाजांच्या संघटना आणि तिन्ही पक्षांचे तालुकाध्यक्ष नक्की येतील. कवटीची जात ठरेपर्यंत काम बंद.

मयताला अडवायची रीत तशी जुनीच. पुण्याकडे इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 प्राचीन वस्तीचं उत्खनन केलं. तिथे मोठ्या माणसांना घोट्याखाली पाय तोडून पुरलेलं आढळलं. मेलेला भूत होऊन घरी चालत येऊ नये म्हणून, असा अभ्यासकांचा तर्क. चार पायांच्या मोठ्या रांजणात बसवून पुरलेल्या एका पुरुषाचे पाय तेवढे शाबूत होते. तो गावचा प्रमुख असावा म्हणतात. पुढाऱ्याला नियम लावायचा नाही, ही रीत बरीच जुनी दिसते. सामान्यांचे पाय आता कोणी तोडत नाही, कचेरीच्या पायऱ्या झिजवायला ते लागतात.

त्या मानाने बुलढाण्यातल्याच सिंदखेडराजाचा शेषशायी विष्णू नशिबाचा. 2024 मध्ये लखुजीराव जाधवांच्या समाधीजवळ खोदताना तो निघाला, आणि खोदणारे खुद्द पुरातत्त्व खात्याचेच होते! उलट संग्रामपूर तालुक्यातल्या भोनचा स्तूप संशोधकांनी रीतसर उकरून काढला, कागदावर आणला, तर तो जिगाव धरणाच्या बुडितात. म्हणजे चुकून सापडा की शोधून सापडा, आपल्याकडे विकास आडवा येतोच.

तेव्हा जिल्ह्यातल्या तमाम प्राचीन मंडळींना नम्र विनंती, की मुरूम, वाळू आणि समृद्धी महामार्ग यांपासून चार हात दूर पडून राहावं. वर यायचंच असेल, तर एप्रिलात यावं. मार्चमध्ये बिलं निघायची असतात.