झेरॉक्स द्या, चावी घ्या

अमावास्येला बिद्रीवरून आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाची रीघ लागते. त्या वाटेवर मुक्कामाला कुठंही टेका, भिंतीवर पाटी असतेच : मौल्यवान वस्तू आपापल्या जबाबदारीवर सांभाळा. पाटी वाचून होईतो काउंटरवरून हुकूम सुटतो, "पावणं, आधारची झेरॉक्स द्या."

झेरॉक्स नसली तरी अडत नाही. "मग ह्या नंबरवर व्हॉट्सअॅप करा की!" तो नंबर लॉजचा नसतो, काउंटरवरच्या पोराचा असतो. दिवाळीनंतर पोरगं पुण्याला कामाला जातं आणि अख्ख्या अमावास्येचे आधार त्याच्या खिशातून शिवाजीनगरला उतरतात. कागदी गठ्ठ्यांचं तर बोलायलाच नको. रद्दीवाला वजनावर नेतो.

सरकारला हे कळत नाही असं नाही. 27 मे 2022 ला आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयानं स्वच्छ सांगितलं होतं : परवाना नसलेल्या हॉटेलांना, चित्रपटगृहांना आधारची प्रत घ्यायचा, ठेवायचा अधिकार नाही, शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. खरं बोलल्याची शिक्षा दोन दिवसांत झाली. 29 तारखेला केंद्रानं पत्रक मागं घेतलं. का, तर लोकांचा गैरसमज होईल! आधार देताना नेहमीचं तारतम्य बाळगा, एवढा सल्ला तेवढा उरला.

पाव्हणा कोण, हे लॉजवाल्यानं बघावंच. पण ओळख बघणं वेगळं आणि पाव्हण्याची कुंडली गठ्ठ्यात बांधून ठेवणं वेगळं. ते मास्क्ड आधार पुढं करून बघा. "आकडे उठलं न्हाईत, दुसरी काढून आणा."

मोठ्यांचंही काही बरं नाही म्हणा. मॅरियटनं विकत घेतलेल्या स्टारवूड हॉटेलांच्या बुकिंगच्या यादीत चोर 2014 पासून ठाण मांडून होते. कळलं 2018 मध्ये. कोट्यवधी पाहुण्यांची माहिती आणि लाखो पासपोर्ट क्रमांक तोवर उघडे पडले होते. चार वर्षं फुकट मुक्काम! आपल्याकडं चोराला एवढं थांबावं लागत नाही, गठ्ठा काउंटरखालीच असतो.

आता 2023 चा डेटा संरक्षण कायदा आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये नियमही आले, मुख्य जबाबदाऱ्यांना दीड वर्षाची सवड देऊन. माहिती नीट न राखल्यास दंड 250 कोटींपर्यंत. खोलीभाड्यातून एवढे काढायचे म्हटले, तर बाळूमामांच्या किती अमावास्या लागतील, हिशेब लॉजवाल्यानंच करावा. कागद हवा असेल तर झेरॉक्सची मागची बाजू कोरी असते.