चिरंजीव अ.पा.क.

माणूस अमर होऊ शकतो का, हा प्रश्न बुलढाणा जिल्ह्यानं केव्हाच निकाली काढला आहे. होऊ शकतो. अट एकच, त्याच्या नावावर दोन-चार एकर जमीन पाहिजे.

विश्वास नसेल तर गावचे सातबारे काढून बघा. आजोबा १९७२च्या दुष्काळाआधी गेले, त्यांच्या तेरवीला जेवलेले लोकही एकेक करून गेले, पण खातेदाराच्या रकान्यात आजोबा ताठ बसलेले आहेत. पेरणी त्यांची, दुबार पेरणी त्यांची, बोंडअळी त्यांच्याच कपाशीवर, येलो मोझॅक त्यांच्याच सोयाबीनवर. नातू पीककर्जाला गेला की बँकेतला साहेब विचारतो, खातेदार कुठं आहेत? आता काय सांगणार! वर आहेत म्हणावं, तर सातबारा म्हणतो खाली आहेत.

या अमरांची संख्या इतकी झाली, की २०२५च्या मार्चमध्ये जिल्हा प्रशासनाला 'जिवंत सातबारा' नावाची मोहीम हाती घ्यावी लागली. जिवंत करायचा होता तो सातबारा. खातेदाराला मात्र एकदाचं मारायचं होतं. कल्पना सरकारला इतकी आवडली, की १ एप्रिलपासून ती राज्यभर लागू झाली. आधी चावडीवाचन, म्हणजे गावात कोणकोण मेलं आहे याची यादी मोठ्यानं वाचायची. मग वारसांनी मृत्यूचा दाखला आणि बाकीची कागदपत्रं आणायची, त्यावर चौकशी, त्यावर ई-फेरफार, आणि मंडळ अधिकाऱ्यानं तो मंजूर केला की माणूस मेला. यमाचं काम यात फारच प्राथमिक स्वरूपाचं आहे. तो फक्त प्रस्ताव दाखल करतो.

मोहीम चांगली होती, हे कबूल केलं पाहिजे. (या सदरात असं वाक्य वर्षातून एकदाच येतं. कात्रण काढून ठेवावं.) वारस नोंदीसाठी वर्षानुवर्षं तहसीलच्या चकरा मारणाऱ्यांचं काम गावातच झालं. पण याच मोहिमेच्या पुढच्या टप्प्यात जे बाहेर आलं, त्यापुढे अमरत्व किरकोळ वाटावं. इथं चिरतारुण्यही सापडलं!

बाप गेला तेव्हा पोरगा अज्ञान असेल, तर त्याच्या नावाशी 'अ.पा.क.' असा शेरा पडतो. अज्ञान पालनकर्ता. पोरगा अठराचा झाला की अर्ज करून शेरा काढून घ्यायचा असतो. पोरगा अठराचा होतो. मग अठ्ठावीसचा होतो, त्याचं लग्न होतं, पोरं होतात, एक डोळा मोतीबिंदूनं जातो, शेरा तिथंच असतो. पारावर बसलेला असा एखादा आजोबा तुम्हाला सांगेल, "नातवाचं लगन झालं भाऊ, तरी मी कागदावर लायनाच हाव." सत्तरीतल्या माणसाला सतराव्या वर्षी थांबवून ठेवण्याची ही विद्या महसूल खात्यानं पेटंट न घेता सोडून दिली. इतर हक्कांच्या रकान्यात तर तगाईची कर्जंही नांदताना दिसतात. घेणारा गेला, देणारा गेला, तगाई हा शब्दही गेला, बोजा मात्र तंदुरुस्त.

आणि तिकडे अमेरिकेत ब्रायन जॉन्सन नावाचे एक गृहस्थ याच चिरतारुण्यासाठी वर्षाला वीस लाख डॉलर घालवतात. दिवसाचं शेवटचं जेवण सकाळी अकराच्या सुमाराला उरकतात, रोज मूठभर गोळ्या गिळतात आणि आपलं काळीज, फुप्फुस, यकृत यांचं वय वेगवेगळं मोजून घेतात. २०२३ साली त्यांनी आपल्या सतरा वर्षांच्या मुलाचं रक्तद्रव टोचून घेतलं. उपयोग काहीच झाला नाही, हे नंतर प्रामाणिकपणे जाहीरही केलं. ययातीनं पुरूकडून सगळं तारुण्यच उसनं घेतलं होतं, तरी शेवटी परत करावं लागलं. मुलाच्या जिवावर बापाला तरुण होता येत नाही, असा याचा अर्थ. अपवाद फक्त राजकारणाचा. तिथं मुलाला तिकीट मिळालं की बाप पाच वर्षांसाठी ताजातवाना होतो.

३ सप्टेंबर २०२५ रोजी बीजिंगमध्ये संचलनाला जाताना पुतिन आणि शी जिनपिंग यांच्या गप्पा उघड्या राहिलेल्या मायक्रोफोननं जगाला ऐकवल्या. अवयव बदलत राहिलं तर माणूस किती जगेल, या शतकात दीडशे वर्षं शक्य आहेत म्हणतात, असा एकूण विषय. दोघंही सत्तरी ओलांडलेले आणि खुर्ची सोडायची घाई नसलेले. आमच्याकडे ग्रामपंचायतीचा सदस्यसुद्धा याच विषयावर विचार करतो, फक्त त्याच्यासमोर मायक्रोफोन नसतो.

पण दीडशे वर्षं जगण्यातली व्यावहारिक अडचण या थोर लोकांच्या लक्षात आलेली दिसत नाही. आमचा राज्य कर्मचारी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. तो दीडशेपर्यंत टिकला तर ब्याण्णव वर्षं पेन्शन, आणि दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला, म्हणजे आपण जिवंत आहोत हे त्याला ब्याण्णव वेळा सिद्ध करावं लागेल. मेलेल्याला सातबाऱ्यावर कुणी काही विचारत नाही. जिवंताला विचारतात.

श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे दीड हजार घेणाऱ्या म्हातारीचं घ्या. ती जन्मभर निंदायला गेली, कापूस वेचला, भांडी राखेनं घासली. बोटांवरच्या रेघा त्यातच संपल्या. यंत्रावर अंगठा ठेवला की यंत्र म्हणतं, जुळत नाही. म्हातारी अंगठा पदराला पुसून पुन्हा ठेवते, यंत्र पुन्हा तेच म्हणतं. समोर उभी असलेली, बोलणारी, पोराला शिव्या घालणारी बाई जिवंत आहे की नाही, याबद्दल शासन साशंक राहतं. अमरत्वावर अब्जावधी डॉलर लावणाऱ्यांनी अंगठ्यासाठीही थोडी तरतूद करावी. तो आधी जातो.

त्यानंतर जातात मूत्रपिंडं. आमच्या जिल्ह्याचे दोन भाग आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटाखाली पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरला आहे, पुढे अकोला आणि अमरावतीपर्यंत. विहीर खोदा, बोअर घ्या, पाणी खारट. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतल्या गावांना हे पाणी पिढ्यान्‌पिढ्या पाजलं गेलं, आणि डायलिसिस हा शब्द तिथं सातवी नापास माणसालाही अचूक उच्चारता येतो. वान धरणावरून १४० गावांची पाणीपुरवठा योजना आहे. योजना आणि नळ यांच्यामधलं अंतर हा वेगळा विषय आहे. जॉन्सनसाहेबांच्या मूत्रपिंडांचं वय त्यांच्या वयापेक्षा किती कमी, याचा आलेख निघतो म्हणे. संग्रामपुरात आलेख काढायला फार खर्च येणार नाही. रेघ एकाच दिशेला जाते.

याच शेगाव तालुक्यात २०२४च्या अखेरीस बोंडगाव, कालवड अशा गावांतल्या लोकांचे केस तीन-चार दिवसांत हातात येऊ लागले आणि माणसं टकली झाली. पथकं आली, पाण्याचे, मातीचे, रक्ताचे नमुने गेले. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. पुढे काहींची नखंही गळाली. जगभर अब्जाधीश केस वाचवायला धडपडत असताना आम्हाला आधी रेशनचा गहू तपासावा लागतो.

मृत्यूला जिंकण्याचा थेट प्रयोगही जिल्ह्यात झालेला आहे. समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ, पिंपळखुट्याला, १ जुलै २०२३च्या मध्यरात्रीनंतर खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस माणसं त्यात गेली. पंधरा-वीस दिवसांत त्या जागी महामृत्युंजय यंत्र बसवण्यात आलं, आता या पट्ट्यात अपघात होणार नाहीत असं सांगून. पोलिसांनी जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला, हे ठीकच झालं. मात्र ते यंत्र बसवणं आणि पंचवीस माणसं गेलेल्या रस्त्यावर तशाच बसगाड्या पुन्हा वेळेवर सुरू होणं, यातली कोणती गोष्ट जास्त अघोरी, याचा निवाडा कुठल्या कलमाखाली करायचा ते कळत नाही.

असो. विज्ञानाकडे वळू. कारण दीर्घायुष्याचा खराखुरा, शास्त्रशुद्ध, शंभरी ओलांडलेला नमुना जिल्ह्यात आहे, आणि तो सातबाऱ्यावर नाही. तो आहे खामगाव–जालना रेल्वेमार्गाचा प्रस्ताव.

खामगावला रेल्वे आली ती १८७० साली, कापसासाठी. जलंबपासून जेमतेम बारा-तेरा किलोमीटरचा फाटा, पण उद्घाटनाला खुद्द व्हाईसरॉय लॉर्ड मेयो आले होते. तिथून चिखली, देऊळगाव राजा करत जालन्यापर्यंत रूळ न्यावेत हा विचार १९१०च्या सुमाराला निघाला. तेव्हापासून तो जगतो आहे. बुलढाणा शहर अजून रेल्वेविना आहे, प्रस्ताव मात्र दोन महायुद्धं, एक स्वातंत्र्य आणि असंख्य लोकसभा निवडणुका पाहून ठणठणीत.

याचं रहस्य काय? १९३५ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी दाखवून दिलं, की उंदरांना कमी खायला घातलं तर ते जास्त जगतात. आमच्या प्रस्तावाला शंभर वर्षांत निधीचा घास लागू दिलेला नाही. जपानच्या शिन्या यामानाका यांना २०१२चं नोबेल मिळालं ते प्रौढ पेशीला पुन्हा गर्भावस्थेत नेण्यासाठी. रेल्वे हे काम फेरसर्वेक्षणानं करते. म्हातारा प्रस्ताव नव्या सर्वेक्षणात शिरतो आणि नाळेसकट बाहेर येतो, पुन्हा पहिल्यापासून. काही अमेरिकन लोक मेल्यावर स्वतःला द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर गोठवून घेतात, पुढेमागे कुणी उठवेल या आशेवर. आमच्या घाटाखाली मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर असतो, तरी प्रस्तावाचा बस्ता थंडच राहतो आणि नायट्रोजनचा खर्च शून्य. हेफ्लिक नावाच्या शास्त्रज्ञानं १९६१ साली सांगितलं होतं, की मानवी पेशी पन्नासेक वेळा विभागली की थांबते. घोषणेला ही मर्यादा लागू नाही.

मध्यंतरी प्रस्तावाच्या प्रकृतीला धोका निर्माण झाला होता. निम्मा खर्च उचलायला राज्य सरकार तयार झालं. पण ऑगस्ट २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली ती जालना–जळगाव या १७४ किलोमीटरच्या मार्गाला, ७,१०६ कोटींची. कालपरवा जन्मलेलं पोर मार्गी लागलं, आमचा वडीलधारा बसून राहिला. घरोघरी असंच असतं.

जगातली सर्वांत दीर्घायुषी व्यक्ती म्हणून फ्रान्सच्या जान कालमां या बाईंची नोंद आहे. १२२ वर्षं १६४ दिवस, १९९७ साली गेल्या. बाई नव्वदीच्या असताना एका वकिलानं त्यांच्याशी करार केला, की तुम्ही जगाल तोवर दरमहा ठरावीक रक्कम देतो, पश्चात तुमचं घर माझं. म्हातारी किती टिकणार, असा त्याचा साधा हिशेब. तीस वर्षं हप्ते भरून, घराच्या किमतीच्या दुपटीवर पैसे देऊन वकील आधी गेला आणि हप्ते त्याच्या कुटुंबाला भरावे लागले. चिखली, देऊळगाव राजाकडे हे गणित समजावून सांगावं लागत नाही. रेल्वेचं निवेदन आजोबांनी दिलं, मग वडिलांनी दिलं, आता नातू देतो. ही वारस नोंद मात्र वेळच्या वेळी होते, मंडळ अधिकाऱ्याची सही लागत नाही.

हिशेब सोपा आहे. २०३२ साली आमचा प्रस्ताव कालमां बाईंना मागं टाकेल. तोवर कुणी खरोखरच रूळ टाकायला घेतले तर जिल्ह्याचा विक्रम हुकेल, एवढी एकच भीती. सत्काराची तयारी आतापासून करायला हरकत नाही. बाहेरगावच्या पाहुण्यांनी गाडीनं मलकापूरला उतरावं. तिथून मोताळ्यावरून राजूर घाट चढून बुलढाण्याला एसटी आहे.