काकाजी सध्या अंटार्क्टिकात आहेत

मे महिन्यात वर्ध्याचा पारा 45 अंशांच्या वर चढला की आमचे शेजारी काकाजी दक्षिण ध्रुवावर जातात. अंगात बनियान, पोटात वरणभात, कूलरच्या टाकीत काठोकाठ पाणी आणि समोर मोठा टीव्ही, एवढ्या सामानावर मोहीम निघते. दुपारी कुणी दार वाजवलं तर काकू आतूनच सांगतात, "ते अंटार्क्टिकात हायेत. पाचनंतर या."

असा माणूस एकट्या आमच्या कॉलनीत आहे असं समजू नका. आर्वी, पुलगाव, हिंगणघाट, कुठेही जा. नोकरीतून सुटलेला, गुडघ्यांनी दगा दिलेला आणि आजचा डेटा रात्री बाराच्या आत संपवलाच पाहिजे असं मानणारा एक तरी भेटेलच. मालिका त्याला चालत नाहीत, बातम्यांनी बीपी वाढतं. त्याला लागतो माहितीपट, आणि निवेदकाचा आवाज भारदस्त लागतो.

रोग जुना आहे. टॉकीजमध्ये पिक्चरच्या आधी ‘फिल्म्स डिव्हिजन की भेंट’ दाखवत, तेव्हा बाकीचे लोक बाहेर शेंगदाण्यांचा भाव करत असायचे. काकाजी तेवढ्यासाठीच धापा टाकत वेळेवर पोचत. पुढे दूरदर्शनवर ‘सुरभि’ आलं. त्यातल्या प्रश्नांना इतकी पत्रं जाऊ लागली की डाकखात्याला स्पर्धेसाठी वेगळं, 2 रुपयांचं पोस्टकार्ड काढावं लागलं. त्यात आपला सिंहाचा वाटा आहे असं काकाजी आजही सांगतात. बक्षीस कधी लागलं नाही. अक्षर तेवढं सुधारलं.

आता त्यांची दुपार कशी जाते ते पाहा. परवा एम्परर पेंग्विन चालू होते. मादी अंडं घालून समुद्राकडे निघून जाते आणि नर भर हिवाळ्यात दोन महिने ते अंडं पायांवर घेऊन, उपाशीपोटी उभा राहतो. काकाजी गहिवरले.

"अवं, इकडे पाहाय! बायको घरी नाही अन् हा बिचारा दोन महिने उभा हाय. खाणं नाही, पिणं नाही!"

काकू सरगुंडे करायला शेजारी निघाल्या होत्या. चप्पल घालता घालता म्हणाल्या, "मी अर्ध्या तासात येतो. तुम्ही तीन शिट्ट्या मोजा अन् गॅस बंद करा. अंडं नोका सांभाळू."

पहिली शिट्टी झाली तेव्हा बर्फाचं वादळ आलं. दुसरीला पेंग्विन एकमेकांना चिकटले. त्यानंतर अंड्याला तडा गेला, इवलीशी चोच बाहेर आली, आणि पुढच्या शिट्ट्या कुणी मोजल्या नाहीत. त्या रात्री वरणाची वाटी आमच्याकडून गेली.

काकाजींच्या बोलण्यातही हिंदीत डब केलेला निवेदक शिरला आहे. लग्नात जेवणाची ताटं मांडली की आवाज खाली उतरवून ते माझ्या कानात सांगतात, "झुंड अब धीरे-धीरे आगे बढ रहा है." झुंडीत सगळ्यात पुढे काकाजीच असतात, ही गोष्ट निवेदनात येत नाही.

एकदा पुतण्यानं त्यांना बोरला नेलं. बोर अभयारण्य 2014 साली व्याघ्र प्रकल्प झालं. देशातल्या अगदी लहान प्रकल्पांत त्याची गणना होते, आणि ते आमच्याच जिल्ह्यात आहे. नशिबानं वाघ दिसला. पाठमोरा, झुडपाआड, शेपटी हलवत. जिप्सीतले सगळे श्वास रोखून बसले असताना काकाजी पुटपुटले, "याले क्लोजअप नाही का? अन् म्युझिक नाही काही, वाघ आला हे कळंल कसं बाप्पा?"

मला खरी गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. सेवाग्राम आमच्यापासून आठेक किलोमीटर. बापू कुटीत व्हाइसरॉय लिनलिथगोनं बसवून घेतलेला टेलिफोन आहे आणि साप धरून दूर सोडण्यासाठीचा पिंजरा आहे, ही माहिती काकाजींना एका परदेशी प्रवाशाच्या व्हिडिओतून मिळाली. ती त्यांनी मलाच मोठ्या कौतुकानं ऐकवली. जपानी कुंभाराच्या चाकासमोर ते तासभर बसतात, गंजलेली सुरी घासून लख्ख करणाऱ्या कुणा अबोल माणसावर त्यांचा फार जीव. आणि हातमाग-चरख्यांनी, ग्रामोद्योगांनी भरलेलं मगन संग्रहालय, ज्याचं उद्घाटन 1938 साली खुद्द गांधीजींनी केलं, ते त्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलं तेवढंच. विचारलं तर म्हणतात, "ते काय पळून जाते का?"

तरी माझा कौल काकाजींच्याच बाजूनं आहे. निवृत्तीनंतर माणसं सोसायटीच्या मीटिंगा लावतात, सुनांच्या चुका काढतात, पहाटे पाचला सुविचार पाठवतात. काकाजी यातलं काही करत नाहीत. कॉलनीतली पोरं सुट्टीत त्यांच्याकडे जमतात आणि अमुंडसेन 1911 साली दक्षिण ध्रुवावर कसा पोचला ते कुत्र्यांच्या घसरगाड्यांसकट सांगतात.

तेव्हा उन्हाळ्यात वर्ध्याला आलात तर सेवाग्राम सकाळी लवकर उरका, पवनारला धाम नदीच्या काठी संध्याकाळी जा आणि मधली दुपार काकाजींकडे काढा. गोरसपाक मिळेल, अंटार्क्टिकाही फुकट. फक्त जाताना कुकरवर काही ठेवलंय का, ते काकूंना आधी विचारून घ्या.