नानकटाईची भाजणावळ

नानकटाई ‘अगदी घरची आहे हं’ असं कुणी कौतुकाने पुढे केली, की मी एक तुकडा तोंडात टाकते आणि विचारते, “भाजली कुठे?” समोरची बाई गडबडली तर ती माझ्या वयाची, असं खुशाल समजावं. कारण सत्तर-ऐंशीच्या दशकात, साताऱ्यात काय नि सांगलीत काय, घरच्या नानकटाईत घरचं असायचं ते सामान, दंडातला जोर आणि संशय. बाकी सगळं बेकरीचं.

चकल्या, करंज्या, अनारसे ही मंडळी शेगडीपुढे निमूटपणे होऊन जात. नानकटाईला चहूबाजूंनी आच हवी आणि ती देणारं यंत्र स्वयंपाकघरात नव्हतं. म्हणून दिवाळीच्या आधी बेकरीवाल्याकडे नंबर लावायचा. ठरल्या दिवशी मैदा, रवा, पिठीसाखर, तूप आणि वेलची-जायफळाची पुडी घेऊन सायकलच्या कॅरिअरला डबे बांधून निघायचं. डब्यांवर कागद चिकटवून नाव. भाजणावळ किलोवर. कमी घ्या म्हणून हुज्जत घालणं हा त्या विधीचाच भाग होता. न घातली तर बेकरीवाल्यालाही चुकल्याचुकल्यासारखं वाटत असावं.

आमच्याकडे या मोहिमेची सेनापती आत्या. ती स्वतः बेकरीच्या फळकुटावर बैठक मारायची आणि मला परातीशेजारी उभी करायची. काम एकच : तुपावर नजर. आपलं साजूक तूप आत जाऊन तिथून डालडा बाहेर येतो, अशी तिची पक्की खात्री. डालडा बाजारात आला १९३७ साली, म्हणजे आत्याच्या जन्माच्या आसपास. दोघांचं वैर तेव्हापासूनचं. कारागिराने डबा उचलला की ती विचारायची, “चाचा, हे आमचंच ना?” चाचा मान वर न करता म्हणायचे, “आत्याबाई, एवढं पिवळंधमक तूप माझ्याकडे असतं तर मी बिस्किटं कशाला भाजत बसलो असतो?”

खरी अक्कल लागायची ती खुणा करताना. भट्टीत एका वेळी पाच-सहा घरांचे पत्रे जात, आणि भाजून निघाल्यावर सगळ्या नानकटाया सख्ख्या बहिणी. म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली. आमची मधोमध चारोळी, उभी टोचलेली. समोरच्या वाड्याची वेलदोड्याचा काळा दाणा. कोपऱ्यावरच्या मास्तरणींची अंगठ्याचा खळगा, खर्च शून्य. एका वर्षी डालड्याच्या एका घराने आमची चारोळी उचलली आणि पत्रे बदलले गेले. त्यावर आत्याने एक नानकटाई मोडली, बोटांत चुरली, बोटं नाकाशी नेली आणि पत्रा आमच्याकडे ओढून घेतला. पुढे त्या घराशी आमचा फराळाच्या ताटांचा व्यवहार बरीच वर्षं थंड होता.

भट्टीचं गणित मला मोठेपणी कळलं. विटांची बुटकी, कमानदार खोली. लाकडं पेटवून विटा तापवायच्या आणि मग दिवसभर विटांच्या उष्णतेवर काम काढायचं. पहिली कडकडीत आच पावाची. ती जरा उतरली की खारी आणि बटर. आणखी मऊ झाली की दुपारी नानकटाई, आणि उरल्यासुरल्या धगीत रात्रभर टोस्ट वाळत पडायचे. नानकटाईला हवी असते ती ही उतरती, थकलेली आच. खालून, वरून, बाजूंनी सारखी. चाचा लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने पत्रे आत सरकवायचे ते एकदम खोलवर, आणि मधेच जागा बदलायचे. घड्याळ पाहिल्याचं आठवत नाही. वासावर काढायचे.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल. बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसं भजनी मंडळात जातात, सोसायटीचे सेक्रेटरी होतात किंवा शेअर घेतात. ह्यांनी ओव्हन घेतला. त्यापाठोपाठ ग्रॅमचा वजनकाटा आला, ओव्हनच्या पोटात ठेवायचा थर्मामीटर आला आणि एक लांबडी वही आली. वहीत डावीकडे तूप, साखर, मैदा जमा. उजवीकडे नानकटाया नावे. शिल्लक नेहमी कमी निघायची, आणि तो फरक तोंडाभोवती चुरा लागलेल्या नातवाकडे बघून मिटवला जायचा.

पहिला घाणा मे महिन्यातला. व्हिडिओतल्या बाईंनी सांगितलं होतं, “तूप आपल्याला रूम टेंपरेचरला घ्यायचंय.” त्या बाईंची रूम बहुधा महाबळेश्वरला असावी. आमच्या पुण्याच्या खोलीत त्या दुपारी तुपाचं सरळ पाणी झालेलं. ओव्हनमध्ये गोळे गेले आणि काचेतून पाहता पाहता एकमेकांच्या गळ्यात पडले. बाहेर आलं ते पत्रा भरून एकसंध थालीपीठ. ह्यांनी वहीत लिहिलं : ‘एक नग.’

मग कारणमीमांसा. तूप घट्ट, कणीदार हवं. का, तर साखरेबरोबर फेसताना त्यात बारीक बारीक हवा कोंडली जाते. सोडा नवे बुडबुडे तयार करत नाही, आधी कोंडलेलेच फुगवतो. तूप पातळ असेल तर हवा राहणार कुठे? म्हणून आई परातीत तळव्याने तूप-साखर पांढरीशुभ्र होईपर्यंत फिरवायची, आणि हात दुखला की आमच्यापैकी जो हाताशी सापडेल त्याला बसवायची. दुसरं म्हणजे, पीठ घातल्यावर मळायचं नाही. तुपाने मैद्याचे कण वेढले की त्यातला चिवटपणा डोकं वर काढत नाही, म्हणून तर ती तोंडात विरघळते. आमच्या सूनबाईंनी एकदा मदत म्हणून पोळ्यांच्या कणकेइतकी मन लावून मळली. ती नानकटाई खायला आडकित्ता लागला असता.

हे पुढे सरकले ते अमोनियाकडे. बेकरीवाले बिस्किटांत खाण्याचा अमोनिया वापरतात, हे खरं आहे. तापला की त्याचा सगळाच्या सगळा वायू होतो, मागे चव उरत नाही, बिस्किट हलकं आणि खुसखुशीत होतं. पातळ बिस्किटातून तो वायू निघून जातो. जाड केकात अडकतो, म्हणून केकात चालत नाही. बेकरीत तो कुठे निघून जातो ते कुणी विचारत नाही. आमच्याकडे तो दिवाणखान्यात आला. शेजारच्या काकूंनी बेल वाजवून विचारलं, “बाथरूम साफ करताय का? मग जिन्याकडचं दार लावून घ्या बाई.”

त्यानंतर प्रयोग थांबले आणि शोध सुरू झाला. लग्न असो, बारसं असो, जाऊ त्या गावी हे आधी बेकरी विचारायचे. सुरतेला गेलो तेव्हा तर हेच प्रमुख कारण होतं, मुंज निमित्त. नानकटाईचं माहेर सुरत, असं मानतात. डच व्यापाऱ्यांनी तिथे वखार घातली, त्यांच्या पावासाठी भट्टी आली आणि डच गेले तेव्हा ती दोटीवाला नावाच्या पारशी घराण्याकडे राहिली. पाव खाणारे साहेब कमी झाले, पाव उरू लागला. उरलेला वाळका पाव पचायला हलका म्हणून लोक मागू लागले, आणि त्यातून पुढे बिस्किटं आली, अशी हकिकत सांगतात. त्या काळी आंबवायला ताडी असायची आणि पिठात अंडं. गिऱ्हाईक नाकं मुरडायला लागलं तशी दोन्ही गेली आणि उरली ती आजची सोवळी नानकटाई. दोन कडक अटींवर आपल्या देवघरापर्यंत पोचलेला हा बहुधा एकमेव डच पाहुणा.

सोवळ्याचं निघालंच म्हणून सांगते. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा दिला गेला. हजर मंडळींत टिळक आणि न्यायमूर्ती रानडेही होते. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी नावांची यादीच छापून आणली, आणि एवढ्याशा चहावरून गावात ग्रामण्य उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. चहाबरोबर बिस्किटंही होती म्हणतात. त्याच पुण्यात आज बिस्किटाच्या खोक्यासाठी माणसं सकाळी रांगेत उभी राहतात, आणि प्रायश्चित्त घ्यायला लागतं ते खोकं न मिळाल्यास. अमेरिकेतल्या भाच्याला तोंड कसं दाखवायचं?

ते खोकं अर्थात श्रुजबेरीचं. कॅम्पात ईस्ट स्ट्रीटवर कयानी बेकरी १९५५ पासून आहे, इराणी मंडळींची. श्रुजबेरी हे गाव इंग्लंडातलं, श्रॉपशर परगण्यात, सेव्हर्न नदीकाठी. तिथे या नावाची बिस्किटं काही शतकं होत आली आहेत, पण त्यांत लिंबाची साल, मनुका, मसाले असला कारभार. पुण्याने तो सगळा काढून टाकला आणि लोणी ठेवलं. मला विचाराल तर पुण्याने बरं केलं. या शहराने कुठल्याही गोष्टीतून काही वगळून ती सुधारली, याचं एवढं एकच उदाहरण मला ठाऊक आहे.

श्रुजबेरी घरी करायचा ह्यांचा बेत मात्र मी हाणून पाडला. इथे तूप चालत नाही, लोणीच हवं. बाजारच्या विटेसारख्या पाकिटातल्या लोण्यात शंभरातले ऐंशी भाग स्निग्ध, बाकी पाणी, मीठ वगैरे. तुपात पाणी जवळजवळ नाहीच. म्हणून तुपाची नानकटाई भुगा होते आणि लोण्याचं बिस्किट कडक तुटतं. हे सगळं ह्यांनीच मला समजावलं, पाऊण तास. ज्याला इतकं समजलंय त्याने करून बघायची काय गरज?

गोव्यात आमची समजूत पटली. म्हापशाला मैत्रिणीकडे उतरलो होतो. पहाटे पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला, हे गंजिफ्रॉकवर धावत खाली. पाव घेऊन आले आणि वर चौकशी करून आले. तिथल्या नाताळच्या फराळात, म्हणजे कुसवारात, नेवऱ्यांच्या शेजारी बोलिन्हा असतात. रवा, ओला नारळ, साखर, अंडं, वेलची; मिश्रण रात्रभर मुरवायचं, गोळे चपटे करून काट्याने वर आडव्याउभ्या रेघा ओढायच्या. मैत्रिणीच्या सासूबाईंना ह्यांनी विचारलं, “ओव्हन किती अंशांवर?” त्या म्हणाल्या, “अंश? आमी पोदेराकडे धाडतात.” म्हणजे तिथेही तेच. मळायचं घराने, रेघा ओढायच्या घराने, आणि भाजायचं ज्याच्याकडे भट्टी त्याने.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. ही घरगुती वस्तू नव्हेच. ती घर आणि बेकरी यांच्या भागीदारीतली वस्तू आहे, आणि भागीदार काढून टाकून धंदा चालत नाही, हे बँकेतल्या माणसाला तरी मी सांगायला नको होतं.

भागीदार मात्र कमी होत चालले आहेत. मुंबईत जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर यायला सांगितलं. धुराने खोकणाऱ्या शेजाऱ्यांच्या बाजूने पाहिलं तर योग्यच आहे; चाचांचे डोळे बारमाही लाल असायचे, ते मी विसरलेले नाही. लाकूड जाऊन गॅस आला तरी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘बाहेरचं सामान भाजून मिळणार नाही’ या पाटीबद्दल. आमच्या जवळच्या चकचकीत केकच्या दुकानात मी डबा घेऊन गेले, तर काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “मॅडम, हे रिटर्न करायचंय का?”

पण शोधलं तर सापडतं. पेठांत, उपनगरांच्या जुन्या गावठाणांत, तालुक्याच्या गावी एसटी स्टँडमागे अजून अशी एखादी बेकरी असते. काचेच्या बरण्या, पत्र्याचे डबे आणि मागच्या अंधारातून येणारा वास, एवढ्यावर ओळखावी. आम्हाला एक सापडली आहे. पत्ता देणार नाही. आधीच दिवाळीत नंबर लागत नाही.

तुम्ही तुमची शोधा. दिवाळीच्या दहा दिवस आधी जा, आणि सकाळी पावाच्या गडबडीत नको, दुपारी जा. एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा या मापाने सामान न्या. थोडा मैदा कमी करून रवा नि बेसन घातलं तर उत्तम. तूप कणीदार असू द्या. खूण आधी ठरवा, चारोळी सोडून. भाजून झाल्यावर पूर्ण गार होईपर्यंत डब्याला झाकण लावू नका, वाफ धरली की मऊ पडते. आणि भाजणावळीवरून थोडी हुज्जत घाला, पण शेवटी मागितली तेवढी देऊन या.