कर्णधार कुणाला केलंस?

“ऋतुराज आहे ना टीममध्ये? मग डोळे झाकून कॅप्टन कर.”

आयपीएलच्या दिवसांत संध्याकाळी सातला नाणेफेक झाली, की नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या टपरीवर काय किंवा कॉलेज रोडच्या कट्ट्यावर काय, हा सल्ला हमखास कानावर पडतो. चहा गार होत असतो, अंगठे मोबाइलवर भराभर फिरत असतात, आणि सगळ्यात मोठा निर्णय सगळ्यात कमी विचार करून घेतला जातो. डोळेच झाकायचे असतील तर हा खेळ खेळायचा कशाला?

ज्यांनी कधी ‘टीम लावली’ नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फँटसी क्रिकेटमध्ये दोन्ही संघांतून मिळून अकरा खेळाडू निवडायचे. प्रत्यक्ष सामन्यात त्यांनी धावा केल्या, बळी घेतले, झेल पकडले की तुम्हाला गुण. ज्याला कर्णधार केलं त्याचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. म्हणजे दहा खेळाडू कितीही अभ्यासाने निवडले आणि कर्णधार चुकला, तर सगळी मेहनत पाण्यात. म्हणूनच या आठवड्यात स्टार खेळाडूकडून किती अपेक्षा ठेवायची, हा प्रश्न चेष्टेवारी नेण्याचा नाही. त्याला अभ्यास लागतो, आणि तो अभ्यास करणारी पोरं मला मनापासून आवडतात.

चेन्नईच्या ऋतुराज गायकवाडचीच गोष्ट घ्या. 2020 च्या आयपीएलमधले त्याचे पहिले तीन डाव 0, 5 आणि 0. ‘पोरगं चालणार नाही’ म्हणून लोकांनी त्याला काढलं, आणि मोसमाच्या शेवटच्या तीन सामन्यांत त्याने नाबाद 65, 72 आणि नाबाद 62 केल्या. 2021 मध्ये सुरुवात 5, 5, 10. चौथ्या डावात 64, आणि मोसमाअखेर 635 धावांसह ऑरेंज कॅप त्याच्या डोक्यावर. 2022 मध्ये तर 0, 1, 1, 16, 17. मग 17 एप्रिलला गहुंजेत गुजरातविरुद्ध 73, लगेच पुढच्या सामन्यात मुंबईविरुद्ध पुन्हा शून्य, आणि 1 मेला गहुंजेतच हैदराबादविरुद्ध 99.

एव्हाना हुशार मंडळींनी निष्कर्ष काढून ठेवला होता: ऋतुराज उशिरा तापतो, पहिले तीन-चार सामने त्याला हात लावायचा नाही. 2023 च्या मोसमातला पहिलाच सामना अहमदाबादला गुजरातशी झाला आणि त्यात त्याने 50 चेंडूंत 92 काढल्या. तीन वर्षांचा ठोकताळा एका संध्याकाळीत निकालात निघाला.

मागच्या तीन डावांवरून पुढच्या डावाचं भाकीत करणाऱ्यांनी हे आकडे वहीत उतरवून ठेवावेत. तीन डाव म्हणजे टी-ट्वेंटीत कधीकधी दहा-पंधरा चेंडू. एवढ्या चेंडूंवरून माणूस फॉर्मात आहे की नाही, हे त्याच्या प्रशिक्षकालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. यष्टीमागे झेल गेलेला चेंडू सुरेख होता की फटका बेजबाबदार होता, हे धावफलकात दिसत नाही. त्यासाठी सामना पाहावा लागतो.

मग पाहायचं काय? पहिलं म्हणजे त्याच्या वाट्याला किती चेंडू येणार. सलामीवीराला वीस षटकं मोकळी असतात, सहाव्या क्रमांकावरच्या फलंदाजाला उरलेसुरले. वर्षानुवर्षं डावाची सुरुवात करणारा ऋतुराज 2025 मध्ये तिसऱ्या क्रमांकावर आला. नाव तेच, जर्सी तीच, पण काम बदललं होतं. लवकर गडी बाद झाला तर तो पॉवरप्लेतच मैदानात, सलामीची जोडी टिकली तर निम्मा डाव तंबूत. टपरीवरच्या सल्ल्यात या बदलाचा मागमूसही नव्हता.

दुसरं, समोर गोलंदाज कोण आणि मैदान कोणतं. चेपॉकच्या खेळपट्टीवर फिरकी पडत असताना आणि चिन्नास्वामीच्या छोट्या सीमारेषा समोर असताना एकाच फलंदाजाकडून एकसारखी अपेक्षा ठेवणं हा शुद्ध आळस आहे.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे खेळाडूची तब्येत. 30 मार्च 2025 ला गुवाहाटीत राजस्थानविरुद्ध तुषार देशपांडेचा चेंडू ऋतुराजच्या कोपरावर बसला. त्या डावात त्याने 63 केल्या, म्हणून लोकांना 63 लक्षात राहिल्या आणि कोपर विसरलं. दिल्लीविरुद्ध तो खेळणार की नाही याबद्दल आदल्या दिवसापर्यंत शंका होती. तो खेळला आणि 5 वर बाद झाला. पंजाबविरुद्ध 1. मग 10 एप्रिलला बातमी आली की कोपराचं हाड मोडलं असून तो उरलेल्या मोसमाला मुकणार, चेन्नईचं नेतृत्व पुन्हा धोनीकडे. त्या दोन सामन्यांत ज्यांनी त्याला निव्वळ नावावर कर्णधार केलं, त्यांनी एका जखमी माणसावर दुप्पट भार टाकला होता.

अमेरिकेत फँटसीचा हा छंद आपल्यापेक्षा कितीतरी जुना आहे. 1962 मध्ये ओकलंडच्या फुटबॉल संघाशी संबंधित काही मंडळींनी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात बसून त्याचे पहिले नियम ठरवले. त्यांच्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा राजा. जवळपास प्रत्येक चालीत चेंडू आधी त्याच्या हातात येतो आणि एका सामन्यात तो सहज तीस-पस्तीस वेळा चेंडू फेकतो. एक फेक फसली तरी पुढची आहेच. त्यामुळे समोरचा बचाव कसा आहे, वारा-पाऊस काय म्हणतो, खांदा दुखतोय का, हे पाहून त्याच्या आठवड्याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. आपल्या फलंदाजाला ती मुभा नाही. जगातला सर्वोत्तम फलंदाज पहिल्या चेंडूवर त्रिफळाचीत होऊ शकतो आणि मग उरलेला डाव त्याने टाळ्या वाजवायच्या. म्हणून क्रिकेटमध्ये क्वार्टरबॅकच्या सर्वांत जवळचा कोण असेल, तर तो अष्टपैलू. चार षटकं टाकणारा आणि वरच्या फळीत खेळणारा. बॅट रुसली तर चेंडू हातात असतो.

पुरावा हवा तर नाशिकच्याच नावाचा आहे. जून 2023, महाराष्ट्र प्रीमियर लीगचा पहिला मोसम, गहुंजेचं मैदान. ईगल नाशिक टायटन्स विरुद्ध ऋतुराजची पुणेरी बाप्पा. त्या दिवशी कर्णधार कुणाला केलं असेल, हे विचारायलाच नको. आणि ऋतुराज खेळलाही झकास, 23 चेंडूंत 50. पण नाशिककडून सलामीला आलेल्या अर्शिन कुलकर्णी नावाच्या सोलापूरच्या अठरा वर्षांच्या मुलाने 54 चेंडूंत 117 केल्या, त्यात 13 षटकार. नंतर मध्यमगती गोलंदाजी करत चार बळी घेतले आणि नाशिक एका धावेने जिंकलं.

आता हिशेब करू. तेव्हाच्या प्रचलित पद्धतीत धावेला 1 गुण, षटकाराला 2 जादा, बळीला 25. अर्शिनचे नुसत्या धावा, षटकार आणि बळींचे गुण 243. शतकाचा, चार बळींचा, वेगवान खेळाचा बोनस वेगळाच. ऋतुराजचे गुण दुप्पट केले तरी अर्शिनच्या साध्या गुणांपर्यंत पोचत नाहीत. हा चमत्कार कुणालाच आधी दिसला नसता, हे मान्य. पण सलामीला येऊन गोलंदाजीही करणारा मुलगा समोर आहे, एवढं तर नाणेफेकीनंतर सगळ्यांना दिसत होतं. त्याच अर्शिनला डिसेंबर 2023 च्या लिलावात लखनऊने घेतलं आणि 2024 च्या सुरुवातीला तो एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला.

आणखी एक गोष्ट टपरीवर कुणी बोलत नाही. दहा मित्रांच्या गटात खेळताना स्टारला कर्णधार करणं शहाणपणाचं असतं, कारण तो चालला तर तुम्ही मागे पडत नाही. लाखो लोकांच्या स्पर्धेत गणित उलटं होतं. शंभरातल्या सत्तर जणांनी तोच कर्णधार ठेवला असेल, तर त्याच्या शतकानेही तुमची रँक हलत नाही, कारण बाकीचे एकोणसत्तरही तुमच्याबरोबरच वर सरकतात. तिथे वर जायला इतरांना न सुचलेला माणूस बरोबर ठरावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा चुकतोच. म्हणजे मोठ्या स्पर्धेत नियमित जिंकणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचं होतं. जाहिरातीत मात्र एकच चेहरा दाखवला जायचा, जिंकलेल्याचा.

ऑक्टोबर 2023 मध्ये पिंपरी-चिंचवड पोलीस दलातल्या एका उपनिरीक्षकाला अशाच फँटसी स्पर्धेत दीड कोटी लागले. पेढे वाटल्याच्या बातम्या आल्या, आणि काही दिवसांत निलंबनाचीही आली. दीड कोटीचा आकडा गावोगावी पोचला. त्याच सामन्यात ज्यांचे एकोणपन्नास-एकोणपन्नास रुपये गेले, त्यांची बातमी कुठे छापून येणार?

न्यायालयात वर्षानुवर्षं वाद चालला की फँटसी खेळ हे कौशल्य की जुगार. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने 2017 मध्ये कौशल्याच्या बाजूने कौल दिला आणि धंदा वाढत गेला. 2020 मध्ये ड्रीम इलेव्हन या फँटसी ॲपने आयपीएलचं मुख्य प्रायोजकत्व 222 कोटींना घेतलं, 2023 मध्ये ते नाव भारतीय संघाच्या छातीवर आलं. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने दोन दिवसांत कायदा केला, 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली, आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले. कौशल्याचे असोत वा नशिबाचे, कायद्याने भेद ठेवला नाही. या खेळांत वर्षाला सुमारे 20 हजार कोटी रुपये लोक गमावतात, असा सरकारी अंदाज होता. ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या आणि संघाच्या जर्सीवरून नावही गेलं.

मी या कायद्याच्या बाजूचा आहे, आणि तरीही फँटसी क्रिकेटच्याही बाजूचा आहे. यात मला विसंगती दिसत नाही. खेळाडू वाचणं हे खरंच कौशल्य आहे, पण ते कौशल्य पगाराच्या पैशांनी लाखोंच्या गर्दीत आजमावायला लावणारा धंदा बंद झाला, हे बरंच झालं. घरात कुणाला न सांगता कर्ज काढून टीम लावणारी मुलं या शहरातही होती.

कायदा आला तरी एक जमात अजून जिवंत आहे: टेलिग्रामवर ‘शंभर टक्के पक्की टीम’ विकणारी. या लोकांबद्दल माझ्याकडे एकही सौम्य शब्द नाही. पक्की टीम ठाऊक असलेला माणूस ती तुम्हाला दोनशे रुपयांना कशाला विकेल? यांची पद्धत सोपी आहे. वेगवेगळ्या गटांना वेगवेगळे कर्णधार द्यायचे. एखादा तरी लागतोच. मग त्याचं चित्र सगळीकडे फिरवायचं आणि बाकीचे संदेश पुसून टाकायचे. यांना एक रुपया देऊ नका आणि धाकट्या भावालाही देऊ देऊ नका.

फुकटच्या, ओळखीच्या गटात हा खेळ अजूनही उत्तम शिकवतो. त्यातही माझा आग्रह रणजीचा. गोल्फ क्लबच्या मैदानावर, म्हणजे आपल्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, जानेवारी 2025 मध्ये महाराष्ट्राने बडोद्याला 439 धावांनी हरवलं. असा सामना असेल तेव्हा दहा जणांनी कागदावर संघ मांडावेत आणि हरणाऱ्याने पुढच्या सामन्याचे गुण लिहायची जबाबदारी घ्यावी. निर्धाव षटकाला गुण ठेवा, खेळून काढलेल्या पन्नास चेंडूंनाही ठेवा. थंडीतल्या नाशिकच्या सकाळी पहिल्या तासात नवा चेंडू किती हलतो, सलामीवीर किती चेंडू सोडतो, डावखुरा फिरकीपटू सत्यजित बच्छाव गोलंदाजीला आल्यावर क्षेत्ररक्षण कसं बदलतं, हे सारं तिथे समोर घडत असतं. नाशिकच्या रामकृष्ण घोषला चेन्नईने नोव्हेंबर 2024 च्या लिलावात 30 लाखांना घेतलं तेव्हा देशाने विचारलं, हा कोण? नाशिकच्या मैदानांवर उभं राहून क्रिकेट पाहणाऱ्यांना ते विचारावं लागलं नाही.

आता बीसीसीआयकडे एक मागणी. अमेरिकेच्या फुटबॉल लीगमध्ये प्रत्येक संघाला सामन्याच्या आठवड्यात जखमींची यादी जाहीर करावीच लागते: कोणाला काय दुखापत आहे, सराव किती केला, खेळण्याची शक्यता किती. आपल्याकडे हीच माहिती पत्रकार परिषदेतल्या अर्ध्या वाक्यातून आणि सरावाच्या व्हिडिओतून हुडकावी लागते. ऋतुराजच्या कोपराचं नेमकं काय झालंय, हे दिल्लीच्या सामन्याआधीच अधिकृतपणे कळायला हवं होतं. नुसत्या टीम लावणाऱ्यांना नव्हे, त्याला पाहायला तिकीट काढून चेन्नईला गेलेल्या प्रेक्षकालाही. पुढच्या मोसमापासून प्रत्येक संघाने सामन्याच्या आदल्या संध्याकाळी अशी यादी प्रसिद्ध करावी. एका पानाचं काम आहे.