पक्ष, साध्य आणि एक सॉरी

या संवादातल्या दोघांना नावं नाहीत, कारण ते कुठंही भेटतात. एक आहेत भूमिती शिकवून निवृत्त झालेले सर. खिशात अजून लाल पेन आहे आणि समोर लग्नपत्रिका आली तरी त्यातल्या चुकांखाली रेघ ओढतात. दुसरा संगणकवाला. तो लीन नावाच्या प्रणालीत प्रमेयं सिद्ध करतो. म्हणजे सिद्धतेची एकेक पायरी लिहायची आणि यंत्रानं ती तपासून हो किंवा नाही म्हणायचं. 'हे उघडच आहे', 'याचप्रमाणे दुसरी बाजूही दाखवता येईल', 'विद्यार्थ्यांनी स्वतः पडताळून पाहावे' ही गणिताच्या पुस्तकांतली लाडकी वाक्यं या यंत्रापुढं चालत नाहीत. वाद एवढाच आहे की, यंत्रानं तपासलेल्या सिद्धतेचं पडद्यावर चित्र काढायचं तरी कशाला. माझं मत संगणकवाल्याच्या बाजूचं आहे, हे आधीच सांगून टाकतो. तरी सरांचे आक्षेप मी पातळ केलेले नाहीत. पातळ आक्षेपाला उत्तर देण्यात कसली मर्दुमकी?

सर : यंत्र म्हणालं ना बरोबर? मग विषय संपला. निकाल लागल्यावर उत्तरपत्रिकेची तसबीर करून भिंतीला टांगतं का कुणी?

संगणकवाला : सर, निकाल कळला म्हणजे उत्तर कळलं असं नाही. लीनमधली सिद्धता नुसती वाचायला घेतली, तर ती कुणीतरी फोनवर पत्ता सांगावा तशी लागते : डावीकडे वळा, सरळ जा, पुन्हा डावीकडे. आपण नेमके कुठं उभे आहोत, हे त्यात कुठंच नसतं. ते शेजारच्या चौकटीत असतं. कर्सर ज्या ओळीवर ठेवाल, त्या ओळीपाशी हातात काय आहे हे वरती, आणि काय दाखवायचं उरलंय हे खाली, एका आडव्या पडलेल्या टीसारख्या खुणेपुढं. तुम्ही फळ्यावर आयुष्यभर काय लिहीत आलात? पक्ष आणि साध्य! फरक एवढाच की तुम्ही ते प्रमेयाच्या डोक्यावर एकदा लिहायचात, आणि ही चौकट प्रत्येक पायरीनंतर नव्यानं लिहिते. एक साध्य फुटून दोन झाली तर दोन दाखवते, संपलं तर साध्य उरलं नाही म्हणून सांगते. पेपरप्रूफ नावाचं साधन याच्याही पुढं जातं. ते या सगळ्या चौकटी एकत्र मांडून सिद्धतेचं झाड दाखवतं. कुठला पक्ष कुठं खर्ची पडला आणि कुठली फांदी कुठं मिटली, ते एका नजरेत येतं.

सर : पक्ष-साध्याला माझी हरकत नाही, ती माझीच मंडळी. माझी हरकत चित्राला. बुद्धिबळाच्या पटाएवढा आठ बाय आठचा चौरस घे. त्याचे चार तुकडे कर, दोन त्रिकोण आणि दोन समलंब. तेच तुकडे पुन्हा मांड, पाच बाय तेराचा आयत होतो. चौसष्ट चौकटींचे पासष्ट! पोरं टाळ्या वाजवतात. कर्णाच्या बाजूनं एक चिंचोळी फट राहिलेली असते आणि तिचं क्षेत्रफळ बरोबर एक असतं, पण डोळ्याला ती पेन्सिलीची रेघ वाटते. आणि ही नुसती पोरांची गंमत नव्हे. कोणताही नकाशा चार रंगांत रंगवता येतो, याची सिद्धता केंपनं १८७९ मध्ये दिली. ती अकरा वर्षं लोकांनी खरी मानली. १८९० मध्ये हीवूडनं भोक दाखवलं. दोन रंगांच्या साखळ्या एकाच वेळी उलटवल्या तर त्या एकमेकींच्या पायात येतात, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. चित्र फितूर असतं, बाबा.

संगणकवाला : पण हीवूडनं ते भोक दाखवलं कशानं? नकाशा काढूनच ना?

सर : वकिलीचा अभ्यास कधी केलास?

संगणकवाला : आता माझा मुख्य मुद्दा ऐका. चित्र खोटं बोलतं ही तक्रार खरी आहे, पण चूक आपली होती. आपण चित्राला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं. चित्राचा धर्मच मुळी गाळण्याचा. एस. टी.च्या मार्गफलकावर प्रत्येक झाड दाखवलं तर गाव सापडायचं नाही. साक्षीदाराला मात्र गाळण्याची मुभा नसते. एकाच कागदाला दोन्ही नोकऱ्या दिल्या की तो एकीत खोटा आणि दुसरीत निरुपयोगी ठरणारच. लीन काय, पूर्वी कॉक आणि आता रॉक म्हणतात ती प्रणाली काय, यांत साक्षीचं काम एका छोट्या गाभ्याकडं असतं, त्याला कर्नल म्हणतात. तो काही गाळत नाही आणि काही गाळू देत नाही. चित्र काढणारा भाग त्याच्या बाहेर असतो. चित्रात चूक झाली तर माझा गोंधळ उडेल, पण खोटं प्रमेय खरं ठरणार नाही. त्या दारातून आत जायला चित्राला वाटच नाही. कर्नल काही गाळत नाही, म्हणूनच चित्राला पोटभर गाळणं परवडतं.

सर : म्हणजे चित्राला जामीन मिळाला.

संगणकवाला : तसं म्हणा. आणि उदाहरणही तुमच्याच चार रंगांचं घ्या. १९७६ मध्ये ॲपेल आणि हाकेन यांनी ते प्रमेय संगणकाचे हजाराहून अधिक तास खर्चून सिद्ध केलं. लोक कुरकुरले की एवढं तपासणार कोण. २००५ मध्ये गोंतिए यांनी ते कॉकमध्ये पायरी न् पायरी तपासून घेतलं. पण यंत्राला नकाशा दिसत नाही. म्हणून नकाशाच्या जागी त्यांना हायपरमॅप नावाची एक रचना घ्यावी लागली. तिच्यात फक्त सुट्ट्या खुणा असतात, आणि कुठल्या खुणेनंतर कुठली येते एवढंच सांगितलेलं असतं. नकाशांचं प्रमेय, आणि सिद्धतेच्या पोटात एकही नकाशा नाही! निश्चितीला चित्र लागत नाही याचा याहून सज्जड पुरावा मिळणार नाही. पण मला ते समजून घ्यायचं असेल तर मी काय करीन? कागद घेऊन नकाशाच काढीन.

सर : बरं. मग अर्धवट कशाला? सगळीच सिद्धता चित्रात काढ. गाळायचंच नाही, म्हणजे खोटेपणाचा प्रश्न मिटला.

संगणकवाला : तेही करून झालंय. ज्या १८७९ मध्ये केंप चुकला, त्याच वर्षी फ्रेगेनं तर्काची एक नवी लिपी छापली. ती ओळीत धावायची नाही, रेघा-रेघांनी खाली पसरायची. अख्खा युक्तिवाद म्हणजे एक आकृती. कल्पना अशी की पुढच्या शंभर वर्षांच्या तर्कशास्त्राचा पाया तिच्यात होता. पण ती लिपी दुसऱ्या कुणी उचलली नाही. श्रोडरनं तर परीक्षणात टोमणा मारला की, हा गृहस्थ जपान्यांसारखा उभं लिहायला लागला. फ्रेगेचं तर्कशास्त्र जगभर गेलं, त्याचं चित्र पुस्तकातच राहिलं. सगळं दाखवणारं चित्र हे चित्र राहत नाही. ती फक्त जास्त जागा खाणारी मजकुराची प्रत होते. कर्नल जी सिद्धता तपासतो, तिचं पूर्ण झाड काढलं तर साध्या प्रमेयालाही भिंत पुरणार नाही. आणि वाचायचं कुणी? कर्नलनं ते आधीच वाचलंय.

(इथं लेखकाची थोडी लुडबुड. हे दोघं 'चित्र' हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरताहेत. अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढायला बसलेल्या बाईकडं पाहा. एक ठिपका. त्याच्या दोन बाजूंनी काटकोनात तीन ठिपके, झाला चौरस. मग पाच, मग सात. दर वेळी एक कोपरा वाढतो आणि चौरस चौरसच राहतो. पहिल्या काही विषम संख्यांची बेरीज वर्गसंख्याच का येते, ते यात दिसतं. हे वस्तूचं चित्र. लीनमध्ये हेच प्रमेय गणिती विगमनानं केलं तर झाडाला दोन फांद्या फुटतात : एक शून्यापाशी मिटते, दुसरीत 'आतापर्यंत खरं आहे' हा पक्ष घेऊन पुढची पायरी दाखवायची असते. हे सिद्धतेचं चित्र. पहिलं सांगतं असं का, दुसरं सांगतं आपण कुठं आहोत. आणि दुसऱ्या फांदीतली पायरी म्हणजे रांगोळीत वाढलेला तो कोपरा, हे ज्याला दिसलं त्याला प्रमेय कळलं. दोन्ही चित्रं शेजारी ठेवल्याशिवाय ते दिसत नाही. आता सरांना बोलू द्या.)

सर : माझा शेवटचा आक्षेप, आणि हा अवघड आहे. काय गाळायचं ते ठरवणार कोण? यंत्र ठरवेल तर काहीतरी यांत्रिक ठरवेल. माणूस ठरवेल तर स्वतःची पाठ थोपटून घेईल.

संगणकवाला : माणसानंच ठरवावं, पण चारचौघांत. २०२३ च्या नोव्हेंबरात गॉवर्स, ग्रीन, मॅनर्स आणि टाओ यांनी बहुपदी फ्रायमन–रुझा अटकळीची सिद्धता दिली, आणि टाओंनी पुढाकार घेऊन ती साधारण तीन आठवड्यांत लीनमध्ये उतरवून घेतली. पुष्कळ लोक जागोजागी बसून एकेक तुकडा करत होते. हे जमलं कसं? त्यांच्यापुढं ब्लूप्रिंट नावाचा एक आलेख होता. त्यात एकेक उपप्रमेय म्हणजे एकेक गोळा, आणि कोण कुणावर अवलंबून आहे ते दाखवणारे बाण. गोळा निळा म्हणजे याची सिद्धता लिहायला घ्यायला हरकत नाही. हिरवा म्हणजे झाली. त्या आलेखात सिद्धतेतली एकही पायरी दिसत नाही, सगळ्या गाळलेल्या. गोळे कुठले करायचे ते माणसांनी ठरवलं, आणि हिरव्या गोळ्याच्या मागं कर्नलनं तपासलेला मजकूर होता. अख्खी सिद्धता कुणालाही एका वेळी डोक्यात ठेवावी लागली नाही.

सर : आणि एखाद्यानं पायरी खाल्ली तर?

संगणकवाला : त्यासाठी लीनमध्ये एक शब्दच आहे : सॉरी. जिथं सिद्धता सुचत नाही तिथं सॉरी लिहायचं. यंत्र बजावतं, पण पुढं जाऊ देतं.

सर : माझ्या वर्गात 'वरून स्पष्ट आहे' असं लिहायचे. हे जरा सभ्य आहे.

संगणकवाला : आणि प्रामाणिकही. सॉरी लपत नाही. दिवसाअखेर आणखी किती उरले ते मोजता येतात. आणि यंत्राला जे कधीच कळणार नाही तिथं ती पक्ष-साध्याची चौकट माणसाला वाचवते. लीनमध्ये नैसर्गिक संख्यांत दोनातून पाच वजा केले तर शून्य येतं.

सर : काय? तीन रुपयांची उधारी बुडाली?

संगणकवाला : बुडाली, कारण नैसर्गिक संख्यांत ऋण काही ठेवलेलंच नाही, आणि वजाबाकीला काहीतरी उत्तर देणं भाग आहे. नियम ठरवून दिलेला आहे, कर्नल त्याप्रमाणे तपासतो आणि तुमचं प्रमेय पास करतो. पण तुम्हाला जे म्हणायचं होतं तेच तुम्ही लिहिलंत का, हे त्याला विचारू नका. सिद्धता बरोबर आणि प्रमेय भलतंच, असं होऊ शकतं. त्या चौकटीत वजाबाकीच्या खुणेवर माउस नेला, की ती कुठल्या संख्यांची वजाबाकी आहे ते दिसतं. नुसत्या मजकुरात ती खूण नैसर्गिक संख्यांत आणि पूर्णांकांत सारखीच. म्हणून यंत्रानं होकार दिल्यावर पाहायचं संपत नाही, सर. साध्य नीट पाहायचं काम तिथून पुढंही आपलंच राहतं.

सर : हे आधी सांगितलं असतंस तर चहा तरी गरम मिळाला असता. असो, निर्णय लिहून घे. आकृतीला गुण नाहीत. आकृती वेडीवाकडी आली म्हणून गुण कापायचेही नाहीत. पण आकृतीशिवाय नुसतं 'सिद्ध झाले' लिहिणाऱ्याला फळ्यापाशी उभं करायचं, आणि साध्य काय होतं ते त्याच्या तोंडून ऐकायचं.

संगणकवाला : आणि मध्येच कुठं सॉरी लिहिलं असेल तर?

सर : आधी कुठं लिहिलंय ते चित्रात दाखव.