सेवेवर दोन शब्द

चहाचा डबा घरात कोणत्या फळीवर असतो हे ज्याला निवृत्तीनंतर कळले, त्यालाच मुलींच्या शाळेत सेवेवर बोलायला बोलावतात. यात शाळांचा दोष नाही. सेवा करणाऱ्यांना भाषणाला सवड नसते आणि सवड असलेल्यांत मी उदगीरच्या पंचक्रोशीत आघाडीवर आहे. बँकेतून निवृत्त, गुडघे शाबूत, दिवाळी अंकात नाव छापून आलेले, आणि कोणी माइक पुढे केला तर नाही म्हणायची सवय नाही.

आत्याचा फोन आला तो मार्गशीर्षात. भालकीच्या पलीकडे, बीदर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मुलींची शाळा आहे. तिथे आत्याने जन्मभर शिकवले आणि आता ती तिथल्याच वसतिगृहाची देखरेख करते. शाळा विनाअनुदानित. म्हणजे सरकार मान्यता देते, पगार देत नाही. "वेळ अमावस्येला ये," आत्या म्हणाली. "शाळेच्या शेतातच संमेलन ठेवलंय. पोरींना सेवेवर दोन शब्द सांग. आणि येताना जुने कपडे आण."

कपड्यांचे वाक्य मी वयोमानावर सोडून दिले. पांढरा शुभ्र कुडता इस्त्री करून घेतला, त्यावर नवे जाकीट घेतले आणि दोन शब्द लिहायला बसलो. ते बारा पाने झाले.

सरहद्दीच्या मुलींना त्यांच्याच मातीतला इतिहास सांगायचा, हा माझा बेत होता. स्त्रीशिक्षण म्हटले की आपली गाडी पुण्यात भिडेवाड्यापासून निघते, हुजूरपागेला थांबते आणि हिंगण्याला जाऊन संपते. कलबुर्गीला, म्हणजे जुन्या गुलबर्ग्याला, ती जातच नाही. वास्तविक १९०७ साली तिथे मराठी मंडळींनी नूतन विद्यालय काढले. १९१२ साली पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनचा एवढा पसारा सांभाळून त्याच गावात हायस्कूल सुरू केले आणि आपल्या मुलीला, मनोरमेला, त्याची मुख्याध्यापक केले. मनोरमा पदवीधर, इंग्लंड-अमेरिकेत शिकलेली. आणि येऊन राहिली कुठे, तर निजामाच्या मुलखात, जिथे कचेरीतला कागद उर्दूत आणि उन्हाळा असा की शहाबादी फरशीवर अनवाणी पाय पडला की भलाभला माणूस नाचू लागतो. १९२१ साली, चाळिसाव्या वर्षी, ती गेली. पुढच्याच वर्षी रमाबाई गेल्या. मग १९३४ साली शरणबसवेश्वर संस्थानच्या दोड्डप्पा अप्पांनी मुलींची शाळा काढली आणि तिला अक्कमहादेवीचे नाव दिले. एवढा ऐवज हाताशी असताना बारा पाने म्हणजे संयमच म्हणायचा.

उदगीरहून भालकीला रेल्वेने गेलो, पुढे बस. बसमध्ये भाषणाची उजळणी करावी, हा विचार बसस्टँडवरच चेपला गेला. कर्नाटकात जून २०२३ पासून राज्यातल्या बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट आहे. त्यामुळे कोणी माहेरी निघालेली, कोणी बाजाराला, कोणी दातांच्या डॉक्टरकडे, तर दोघीतिघी आपल्या घरी बसून कंटाळा आला म्हणून. उभा मी. तिकीट काढलेलाही बहुधा मीच. स्त्रियांच्या उन्नतीवरचे भाषण डाव्या हातात आणि डोक्यावरचा दांडा उजव्या हातात, अशा अवस्थेत कंडक्टरने सुटे पैसे मागितले. त्या गडबडीत पान सात एका आजीच्या कोथिंबिरीच्या जुडीत गेले. तिने ते सांभाळून घेतले आणि उतरताना घरी नेले.

पोचलो तेव्हा शाळेच्या ओसरीवर कागदवाचन चालले होते. हा प्रकार समजायला थोडा भूगोल लागतो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे बीदर जिल्ह्याचेच तालुके होते. माझ्या आजोबांचे कोर्टकज्जे बीदरला चालत. त्या दिवशी आम्ही मुंबई राज्यात गेलो आणि भालकी, औराद म्हैसूर राज्यात. घरातली भाषा कोणी बदलली नाही, कचेरीतली बदलली. त्यामुळे इथल्या म्हातारीचे तोंड मराठी आणि तिच्या पिशवीतला कागद कन्नड. आमच्याकडचा सातबारा इथे पहाणी होतो. गृहलक्ष्मी योजनेचे २,००० रुपये या महिन्यात का आले नाहीत, बँकेने काय कळवले, सोसायटीची नोटीस कशाची, हे सगळे वाचून सांगायला आठवीच्या पुढच्या मुली संध्याकाळी ओसरीवर बसतात. एकीला कन्नड, एकीला मराठी, एकीला दखनी चांगली. तिघी मिळून एक वकील होतो. फी नाही. फार तर कोणी ओटीत बोरे टाकून जाते.

मी जाकीट सारखे केले आणि म्हणालो, "मलाही द्या कोणीतरी. बँकेत होतो मी. कागदांत हयात गेलीय."

"कन्नड वाचता येतं, सर?"

"थोडंफार."

थोडे तर अजिबात येत नव्हते, फारचा प्रश्नच नव्हता. पण अंक इंग्रजी असतात आणि अंकांवर माझा विश्वास आहे. एका आजीने पदराच्या गाठीतून चुरगळलेला कागद काढून दिला. मी चष्मा पुसला. वरून खाली नजर फिरवली. अगदी तळाला, ठळक, एक शून्य होते. आजी मघापासून पेन्शनचे बोलत होत्या. मी बँकेतल्या जुन्या आवाजात, हळू, त्यांना धक्का बसू नये अशा बेताने सांगितले, "आजी, पेन्शन शून्य आलीय."

आजींनी जो सूर लावला, त्याने ओसरीच काय, पिंपळावरची पाखरेही उठली. मेलेला नवरा, न विचारणारा मुलगा, तहसीलमधला बाबू, सगळ्यांची नावे घेऊन झाली. गटप्रमुख मुलगी धावत आली, दहावीतली, वेणीला लाल रिबीन. तिने माझ्या हातातून कागद घेतला, उलटा होता तो सुलटा केला.

"आजी, लाईट बिल हाय हे. शून्य आलंय. तुम्हाला काहीच भरायचं नाही."

कर्नाटकात गृहज्योती योजनेत ठरलेल्या मर्यादेतली घरगुती वीज माफ असते, तेव्हा शून्याचे बिल ही तिथे शुभवार्ता आहे. आजी ताबडतोब गप्प झाल्या. मग माझ्याकडे बोट करून मुलीला म्हणाल्या, "ह्येला कधीपासून शाळंत घातलंय?"

भिंतीवर कामाच्या वाटणीचा फळा होता. अक्कमहादेवी गट पाणी, सावित्री गट झाडलोट, चन्नम्मा गट कागदवाचन, रमाबाई गट स्वयंपाक. आठवड्याला वाटणी फिरते. मी जेवायला उठेपर्यंत रमाबाई गटाखाली खडूने 'पाहुणे सर' असे लिहिलेले होते. आत्याकडे बघितले. ती जप करत असल्यासारखी डोळे मिटून बसली होती आणि तिच्या बोटांना खडू होता.

स्वयंपाकघरातला तपशील मी आटोपता घेतो. वेळ अमावस्येला बाजरीचे उंडे लागतात आणि भज्जी लागते. हिरवी तूर, ओला हरभरा, वाटाणा, शेंगदाणे, हाताला लागेल ती पालेभाजी, सगळे बेसनात शिजवून. माझ्याकडे तुरीच्या शेंगा सोलायचे काम आले. माझ्या शेजारी सहावीतली एक मुलगी बसली होती. तिची टोपली भरली, तिने माझी टोपली भरली, मग माझ्या टोपलीतल्या अळ्या वेगळ्या काढल्या. मधल्या वेळात मी तिला बीदरच्या महमूद गावानच्या मदरशाची माहिती दिली. १४७२ साली बांधलेला, त्या काळी गाजलेला. "पोरी होत्या का त्यात?" तिने विचारले. मी शेंग सोलू लागलो.

सकाळी शेतात जायचे. आमच्या भागात वेळ अमावस्येला घरचा पुरुष घोंगडी पांघरून आंबिलीचे मडके डोक्यावर घेऊन शेतात जातो. ज्वारीचे पीठ आंबवून, ताक घालून, लसूण-मिरची लावून केलेली आंबील. शाळेत पुरुष म्हणाल तर शिपाई, आणि त्याचा खांदा दुखत होता. दर वर्षी कबड्डीच्या कप्तान मुली मडके नेतात, आणि त्या वर्षीही त्याच नेणार होत्या. मला कोणीही विचारलेले नव्हते. मीच पुढे झालो. म्हणालो, "परंपरा आहे. मी असताना मुलींनी ओझं उचलायचं?"

"जड हाय, सर."

"लहानपणी खूप नेलंय." लहानपणी मी मडक्यामागून चालत असे, एवढा तपशील गाळला.

चुंबळ ठेवली, मडके ठेवले, घोंगडी पांघरली. फाटकापर्यंत नीट गेलो. पुढे नांगरटीचा पट्टा होता, काळी माती, फाळाने उचललेली मोठमोठी ढेकळे. मागून मुली 'ओलगे ओलगे' अशा आरोळ्या देत येत होत्या. आपणही द्यावी, म्हणून मी मान वर केली.

मडके फुटले नाही, हे आवर्जून सांगतो. ते वेणीच्या लाल रिबिनवालीने अर्ध्यात झेलले. आतली अर्धी आंबील मात्र माझ्या डोक्यावरून, कुडत्यातून, जाकिटातून, भाषणाच्या उरलेल्या अकरा पानांतून खाली शेतात गेली. "सर, काय करलालाव?" ती म्हणाली. हा प्रश्न नव्हता. पाठीमागून कोणीतरी "साकु, साकु" म्हणाले आणि मडके ज्यांनी आधी न्यायचे होते त्यांनी नेले.

त्यामुळे सेवा या विषयावरचे माझे व्याख्यान शिपायाच्या पायजम्यात आणि आत्याच्या जांभळ्या शालीत झाले. कडब्याच्या कोपीत पांडव मांडलेले, पुढे शाळा बसलेली, कडेला गावातली म्हातारी माणसे. या दिवशी पहिली पंगत त्यांची असते, मुली वाढतात. मला लसणाचा वास येत होता आणि एक कुत्रे माझ्यापासून हलत नव्हते. कागद गेल्यामुळे आठवेल ते सांगायचे ठरवले. आठवल्या पार्वतीबाई आठवले. महर्षी कर्व्यांच्या मेहुणी. विधवा झाल्यावर शिकल्या, हिंगण्याच्या आश्रमासाठी आयुष्य वेचले. अठ्ठेचाळिशीत, १९१८ साली, इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या आणि तिथे परक्यांच्या घरी घरकाम करून राहिल्या. मी जे सांगे ते एक मुलगी कन्नडमध्ये सांगे. माझी पाच वाक्ये झाली की तिचे एक होई, आणि दाद त्या एकाला मिळे.

"हीच ती सेवा," मी शाल सावरून म्हणालो.

सहावीतली, माझ्या अळ्या काढणारी, उभी राहिली. "सर, त्यांना कामाचे पैसे मिळत होते ना?"

"हो. मिळत असणारच."

"मग ती नोकरी. सेवा कशी?"

बारा पानांत याचे उत्तर नव्हते. कोथिंबिरीबरोबर गेलेल्या सातव्या पानावरही नव्हते. मी कर्व्यांकडे वळलो, ते कॉलेज सुटल्यावर चिखलपाण्यातून पायी हिंगण्याला कसे जात, ते सांगू लागलो. "रोज किती किलोमीटर?" दुसरीने विचारले. मी मैल सांगितले. ते किलोमीटरमध्ये कोणी करायचे, यावर पहिल्या तीन रांगांत वाद झाला, उत्तरे चार आली. त्यात माझे एक होते आणि तेही चूक निघाले. आत्या उठली आणि म्हणाली, "वाढा गं."

भज्जी उत्तम झाली होती. आंबील कमी पडली.

यंदा आत्याने मला बोलावलेले नाही. फोन आला होता, पण तो दुसऱ्याच कामाचा. शाळेला गणिताचा मास्तर हवा आहे, सहावी ते दहावी. पगार थोडा आहे, आणि वेळेवर मिळेलच असे नाही. जेवण आणि खोली आहे. मराठी किंवा कन्नड, काहीही चालेल, दोन्ही येत असेल तर फारच बरे. वाचकांपैकी कोणी तयार असेल तर जरूर कळवा. भाषण येत नसले तरी चालेल. आत्याच्या मते ते येत नसलेलेच बरे.